आधी हिशेब, मग मेळावा

अलीकडे आपल्या नागपूरच्या बाजारातही 'टीम बिल्डिंग' हा शब्द रुळला आहे. पूर्वी वर्षातून एकदा मालक नोकरांना घेऊन रामटेकला किंवा खिंडसी तलावावर सहलीला जात असे. आता त्याच सहलीला मोठे नाव मिळाले आहे. मिहानमधील कंपन्या, बँका, मोटारींच्या एजन्सी, मोठी दवाखाने आपल्या दोनशे-तीनशे माणसांना एक दिवस बाहेर नेतात, खेळ खेळवतात, भाषण ऐकवतात आणि संध्याकाळी परत आणतात. आमच्या कापड बाजारातील काही पेढ्यांनीही हा मार्ग धरला आहे. हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण एवढा खर्च करून माणसे खरोखर जोडली जातात काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

मी स्वतः या अनुभवातून गेलो आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा व्यापाऱ्यांनी मिळून आपापल्या दुकानांतील व गोदामांतील दोनशेच्या आसपास माणसे शहराबाहेर नेली होती. मुनीम, सेल्समन, हमाल, ड्रायव्हर, काउंटरवरच्या मुली, सर्वच होते. खेळ घेण्यासाठी बाहेरगावाहून एक तरुण वक्ता बोलावला. तो उत्तम इंग्रजीत बोलला. माझे स्वतःचे शालेय शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले. अर्धे भाषण माझ्याच डोक्यावरून गेले, तर गाठी उचलणाऱ्या हमालांचे काय झाले असेल? डोळे मिटून मागे पडायचे आणि सोबत्यांनी झेलायचे, असा एक खेळ होता. एका वयस्क माणसाने नकार दिला, तेव्हा पोरे हसली. जेवणाला एकच रांग होती. मालक मंडळी व कार्यालयातील माणसे पुढे, हमाल व ड्रायव्हर शेवटी. त्यांची पाळी आली तेव्हा भातच उरला होता.

परतताना बसमध्ये एक हमाल माझ्या शेजारी बसले. सारा बाजार त्यांना चाचा म्हणतो. ते म्हणाले, "शेठ, एक दिवस हसवलंत, ठीक झालं. पण पगार पाच तारखेला देत जा. मग आम्ही न सांगताच एक होऊ." त्या दिवसांत उधारी अडकल्यामुळे माझ्या पेढीचा पगार दहा-बारा दिवस उशिरा होत होता. सहलीसाठी मात्र मी रोख पैसे काढले होते. माझ्याकडे उत्तर नव्हते. चूक माझीच होती.

नागपूरचाच जुना धडा

वास्तविक हा धडा शिकण्यासाठी आम्हाला बाहेरगावचा वक्ता बोलावण्याची गरज नव्हती. तो याच शहरात दिला गेला होता. जमशेटजी टाटांनी १८७४ साली सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. कापूस जवळ, रेल्वे आलेली, बाजार हाताशी. सर्व काही जुळले होते. अडचण एकच होती. मजूर रोज कामावर येत नसत. साध्या दिवशीही शंभरातले वीस जण गैरहजर, असे टाटा उद्योगाच्या इतिहासात लिहिलेले आहे.

दुसरा मालक असता तर दंड लावला असता, नाही तर कामावरून काढले असते. जमशेटजींनी वेगळा विचार केला. हा माणूस कामाला का चिकटत नाही? म्हातारपणी काय होईल, हात यंत्रात सापडला तर घर कोण चालवील, याची त्याला खात्री नाही म्हणून. १८८६ साली गिरणीत पेन्शन फंड सुरू झाला. १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास सुरुवात झाली. लक्षात घ्या, कामगार नुकसानभरपाईचा कायदा देशात १९२३ साली आला आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ साली. म्हणजे सरकारने जे सक्तीने करवून घेतले, ते नागपूरच्या एका गिरणीने कितीतरी वर्षे आधी आपणहून केले होते.

याच गिरणीत खेळांचे दिवस होत, कुटुंबांसह मेळावे होत आणि बक्षीस समारंभ थाटात साजरा होई. चांगले काम करणाऱ्यांना घड्याळे, साखळ्या, रोख रक्कम, कापड अशी बक्षिसे सर्वांसमोर दिली जात. आजच्या भाषेत हीच 'टीम बिल्डिंग' होय. फरक एवढाच की, तेथे मेळाव्याबरोबर म्हातारपणाची आणि अपघाताची सोयही होती. आज आपण मेळावा तेवढा उचलला आणि बाकीचे विसरलो.

कोणी म्हणेल की, शेवटी ती गिरणीही बंद पडली. खरे आहे. १९८६ साली ती टाटांच्या हातून गेली, सरकारी महामंडळाकडे आली आणि पुढे कायमची थांबली. गांधीसागर तलावाजवळ तिच्या जमिनीवर आता मॉल उभा आहे. जुन्या कापड गिरण्यांवर जे संकट आले ते साऱ्या देशात आले; त्याची कारणे वेगळी आहेत. पण त्यामुळे सुरुवातीच्या काळातील तो धडा खोटा ठरत नाही.

गर्दी म्हणजे एकी नव्हे

दुसरा गैरसमज असा की, माणसे जितकी जास्त, तितकी ताकद जास्त. रस्सीखेच हा अशा मेळाव्यांतील आवडता खेळ. याच रस्सीखेचीवर मॅक्स रिंगेलमन नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने प्रयोग केले आणि त्याचे निष्कर्ष १९१३ साली छापले. एकट्याने दोर ओढताना माणूस जितका जोर लावतो, तितका तो घोळक्यात लावत नाही. आठ जण एकत्र ओढू लागले की प्रत्येकाचा वाटा एकट्याच्या जोराच्या जवळपास निम्म्यावर आला. काही जोर एकमेकांशी ताल न जुळल्यामुळे वाया गेला असेल. पण १९७४ साली अमेरिकेतील संशोधकांनी पाहिले की, डोळे बांधलेल्या माणसाला मागे इतर जण ओढत आहेत असे नुसते वाटले, तरीही त्याचा हात सैल पडतो.

आमच्या गोदामात हे आम्ही रोज पाहतो. ट्रक खाली करायला चार माणसे लावली तर प्रत्येकाचे काम दिसते. बारा लावली की चार उचलतात आणि आठ हात लावतात. म्हणून तीनशे माणसांचा मेळावा एकच मेळावा समजू नये. दहा-दहांचे तीस गट करावेत. प्रत्येक गटात मुनीम असावा, हमाल असावा, विक्रीवाला असावा आणि ड्रायव्हर असावा. प्रत्येकाला वेगळे काम नेमून द्यावे, म्हणजे कोणी लपणार नाही आणि कोणी विसरला जाणार नाही.

तयारी कशी करावी

आता प्रत्यक्ष नियोजनाविषयी. आमच्या चुकांतून जे शिकलो ते व्यापारी बांधवांसमोर ठेवतो.

पहिली गोष्ट, तारीख. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात माणसे मैदानावर पळवणे हा गुन्हा समजावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. परंतु डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते. १९५३ च्या नागपूर करारापासून चालत आलेली ही रीत आहे. त्या दिवसांत हॉटेले, सभागृहे, गाड्या सर्व महाग होतात व रस्ते अडतात. लग्नसराई, दिवाळी, ईद यांच्या गिऱ्हाइकीचे दिवसही टाळावेत. रमजानचा महिना तर सोडावाच. मेळावा साप्ताहिक सुटीच्या दिवशी ठेवू नये. ठेवलाच तर बदली सुटी द्यावी. सुटी नोकराच्या घरच्यांची असते. ती घेऊन त्याला आनंद वाटा म्हणणे बरोबर नाही.

दुसरी, जागा. शहरापासून तासाभरापेक्षा दूर जाऊ नये. तलाव जवळ असेल तर पाण्यात कोणी उतरणार नाही याची जबाबदारी नावानिशी सोपवावी. सावली, संडास, स्त्रियांसाठी वेगळी सोय आणि जवळचा दवाखाना, या चार गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात. फोनवर जागा ठरवू नये.

तिसरी, मोजदाद. तीनशे माणसांना पन्नास आसनांच्या सहा बस लागतात. पण ड्रायव्हर-क्लीनर धरून जेवणारी तोंडे तीनशे बारा होतात, हे आम्ही विसरलो होतो. माणशी तीन लिटर पाणी धरले तर नऊशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे पंचेचाळीस जार. जेवणाच्या एका रांगेत माणशी पंधरा सेकंद लागले, तरी तीनशे जणांना सव्वा तास लागतो. चार रांगा केल्या तर वीस मिनिटांत सर्वांच्या हातात ताट येते. हा साधा हिशेब आहे, पण तो न केल्यामुळेच शेवटच्या माणसाला भात मिळतो. बसमध्ये चढताना प्रत्येक गटप्रमुखाने आपली दहा माणसे मोजावीत.

चौथी, जेवण. शाकाहारी व मांसाहारी यांची भांडी, चमचे व वाढपी वेगळे असावेत आणि हलालची खात्री आधीच करून घ्यावी. कोणाचा उपवास आहे, कोणाला साखरेचा आजार आहे, हे आठ दिवस आधी विचारावे. सावजी रस्सा आपल्याला आवडतो म्हणून छत्तीसगडहून आलेल्या पोराच्या जिभेवर तो लादू नये. शुक्रवार असेल तर जुम्याच्या नमाजसाठी वेळ व जागा कार्यक्रमातच लिहावी, म्हणजे कोणाला परवानगी मागण्याची पाळी येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, मालकाने शेवटी जेवावे.

पाचवी, खेळ. ज्यात कोणाचा अपमान होईल, शरीराची सक्ती होईल, असा खेळ नको. नको म्हणणाऱ्याला दुसरे काम द्यावे. गुण मोजायला बसवावे. आमच्या धंद्यातच किती खेळ आहेत! डोळे मिटून बोटांनी कापड ओळखणे: सुती कोणते, पॉलिस्टर कोणते, व्हिस्कोस कोणते. ताका न मोडता घडी घालणे. गाठ बांधणे. हातात घेऊन ताक्याचे वजन सांगणे. यात हमाल जिंकतो आणि मालक हरतो. माझ्या मते त्या एका हरण्याने जे साधते, ते दोन तासांच्या भाषणाने साधत नाही. बोलणे मराठी-हिंदीत, आपल्या बाजारात चालते तसे असावे.

सहावी, स्त्रियांचा सन्मान. २०१३ च्या कायद्याप्रमाणे कामानिमित्त गेलेली जागा व मालकाने दिलेले वाहन हेही कामाचेच ठिकाण मानले जाते. 'सहलीत थोडी गंमत चालायचीच' असे म्हणणाऱ्याला आधीच समज द्यावी. मुलींना अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचवण्याची व्यवस्था हवी.

सातवी, मेळाव्यानंतरचे पंधरा दिवस. दिवसाच्या शेवटी प्रत्येक गटाने कामातील एक अडचण सांगावी. कोणी म्हणेल गोदामात पंखा नाही, कोणी म्हणेल बिल्टी उशिरा मिळते, कोणी म्हणेल उचल मागताना चार वेळा चकरा माराव्या लागतात. तीस गटांच्या तीस अडचणी होतील. त्यांतील निदान पाच पंधरा दिवसांत दूर कराव्यात आणि काय केले ते फलकावर लावावे. हे होणार नसेल तर विचारूच नये. विचारून न करणे हे न विचारण्यापेक्षा वाईट.

खर्चाचा ताळेबंद

माणशी एक हजार रुपये धरले तरी तीनशे माणसांचे तीन लाख होतात. हे पैसे खर्च करण्यापूर्वी व्यापारी बांधवांनी आपल्या वहीत तीन नोंदी तपासाव्यात. गेल्या सहा महिन्यांत पगार किती वेळा उशिरा झाला? बोनस व रजेचे पैसे कोणाचे बाकी आहेत काय? कामावर जखमी झालेल्याचे औषधपाणी कोणी केले? १९३६ च्या वेतन कायद्याने एक हजाराहून कमी कामगारांच्या कारखान्याला पुढील महिन्याची ७ तारीख घालून दिली होती. आपल्याला उधारी सांभाळायची असते हे मी जाणतो. मीही त्याच बाजारात बसतो. पण गिऱ्हाइकाची उधारी नोकराच्या चुलीवर टाकणे हा व्यापार नव्हे. या तीन नोंदींत खोट असेल तर ते तीन लाख आधी तेथे लावावेत. मेळावा पुढच्या वर्षी होईल.

चाचांच्या त्या बोलण्यानंतर मी पगारासाठी वेगळे खाते काढले. रोजच्या विक्रीतून ठराविक रक्कम त्यात जाते व तिला दुसऱ्या कामासाठी हात लावत नाही. सुरुवातीला ओढाताण झाली, एक-दोन सौदे सोडावे लागले. पण पगार पाच तारखेला होऊ लागला. त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही पुन्हा सहल काढली. या वेळी वक्ता नव्हता. चार रांगा होत्या. कापड ओळखण्याच्या खेळात चाचा पहिले आले आणि मी सातवा. चाचांनी बक्षिसाचे कापड घेतले, बोटांनी चोळून पाहिले आणि सर्वांसमोर म्हणाले, "शेठ, यात पॉलिस्टर आहे."

सगळे हसले. या वेळी मीही हसलो.