एका टेलिफोनचे पाठभेद

जुन्या पोथीतली अमुक ओवी मूळची की मागाहून कोणी घुसडलेली, याचा काथ्याकूट करण्यात माझी वीस वर्षे गेली. ही विद्या कधी टेलिफोनवर चालवावी लागेल, असे मात्र स्वप्नातही आले नव्हते. निमित्त झाले आमच्या अण्णांचे.

अण्णा म्हणजे माझे सासरे. टेलिफोन खात्यात मेकॅनिक म्हणून त्यांची हयात गेली. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला न्यू जर्सीहून आलेल्या धाकट्या मेहुण्याने एक लाल टेलिफोन आणला. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा, 500 नंबरचा, तबकडीचा. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितले होते, "1956 चा, सगळे भाग मूळचे." त्या शेवटच्या तीन शब्दांचे डॉलर वेगळे मोजले होते, हे मेहुण्याच्या चेहऱ्यावर दिसतच होते.

अण्णांनी फोन खिडकीशी नेला आणि म्हणाले, "जावईबापू, यात लाल दोन आहेत." खरेच की! अंग कुंकवाचे आणि रिसीव्हर किंचित शेंदराकडे झुकणारा. आम्ही तिघेही इतका वेळ कौतुक करीत बसलो होतो, पण एकाच्याही ते ध्यानात आले नव्हते.

"स्क्रूड्रायव्हर आणा."

मेहुण्याचा जीव वरखाली होऊ लागला. खालचे दोन स्क्रू सैल झाले, टोप निघाला आणि दृष्टीआडची सृष्टी समोर आली. या कंपनीची एक सवय संशोधकाने कौतुक करावे अशी आहे : जवळजवळ प्रत्येक भागावर ती महिना आणि साल उमटवून ठेवी. तळपत्र्यावर 1956 सालचा मे महिना होता. घंटेवर तेच साल. तबकडीच्या पाठीवर मात्र 1963 आणि टोपाच्या आत 1964!

"म्हणजे मला फसवलेच की!" मेहुणा म्हणाला.

"थांब रे बाळ," म्हणून अण्णांनी तळपत्रा उन्हात धरला. जुन्या तारखेवर एक रेघ मारलेली होती आणि शेजारी पुसट शाईत 64.

हा टेलिफोन 1949 साली निघाला. हेन्री ड्रायफस यांच्या कचेरीने त्याला रूप दिले आणि अमेरिकेत तो घरोघर गेला. पण ज्याच्या मेजावर तो असे, त्याच्या मालकीचा तो बहुधा नसेच. 1984 च्या आरंभी बेल कंपन्यांचा पसारा मोडला, त्याच्या आधीची कित्येक वर्षे तो भाड्याचा होता. बिऱ्हाड हलले की यंत्र परत जाई. तिथे ते उघडत, झिजलेले काढीत, धडके बसवीत आणि पुसून दुसऱ्या घरी धाडीत. कंपनीने तर 1955 च्या सुमारास याहून मोठी गंमत केली. 1937 पासून चाललेल्या 302 नंबरच्या जुन्या यंत्रांवर 500 सारखा दिसणारा टोप चढवला आणि त्याला 5302 म्हटले. वरून एक, आतून दुसरे. तरीही शंभर टक्के अस्सल!

"आमच्या बाकावर तेच चाले," अण्णा म्हणाले. "भाग बदलला याला चोरी म्हणत नाहीत. बदलून सांगितले नाही, तर चोरी."

मला एकदम एकनाथ आठवले. शके 1506 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तसे केल्याचे लिहूनही ठेवले. त्या पुसट 64 ची जात तीच. उलट सगळ्या तारखा तंतोतंत जुळणारे यंत्र दिसले, तर मी आता आधी स्क्रूंच्या खाचा पाहीन. चार फोन फोडून तारखा जुळवणारे हौशी कारागीर असतात, आणि ताजा ओरखडा लपवणे त्यांना नेहमी साधतेच असे नाही. भाग एका वयाचे असतील, तर धूळही एका वयाची हवी.

राहिला रिसीव्हर. अण्णांनी बोलायच्या बाजूची जाळीदार टोपी फिरवून काढली. आत 1978! शिवाय दोरीच्या टोकाला खटकन बसणारी ती छोटी चौकोनी खुंटी, जी 1970 नंतरच्या दशकातली. तळपत्र्यावर तिच्याबद्दल एक अक्षर नाही. कंपनीने बसवला की विकणाऱ्याने, हे यंत्र सांगत नव्हते. आमच्या भाषेत, प्रक्षिप्त.

"परत करू का?" मेहुण्याने हळूच विचारले.

"परत? माझा फोन?" अण्णा उसळले. "रिसीव्हरच्या आतला फोटो पाठव त्याला, आणि फरकाचे पैसे माग."

मग त्यांनी कागदाचा कपटा मागितला आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिले : '1956. टोप व तबकडी 1964 च्या दुरुस्तीत. रिसीव्हर 1978 चा, कोणी बसवला ठाऊक नाही. उघडून पाहिला.' खाली त्या दिवसाची तारीख आणि सही. कपटा घंटेच्या बाजूला सरकवून त्यांनी टोप बसवला आणि स्क्रू आवळायला माझ्या हाती दिले.