कागद तुमच्या नावावर आहे



इथं आपण पिरनवाडीच्या, बेळगावच्या जुन्या आठवणी लिहितो. मीही लिहिल्यात. आज मात्र आठवण थोडी आणि भांडण जास्त आहे. राग आला तर खाली लिहा, खरं आधी शेवटपर्यंत वाचा.

भांडण परदेशात असलेल्या आपल्या पोरांशी आहे, आणि त्याहून जास्त माझ्या वयाच्या माणसांशी. विषय आहे व्हिसाचा आणि 'एक्स्टेंशन' नावाच्या नव्या खुळाचा.

आपल्या गावात हा शब्द आला कुठून? खानापूर रस्त्यावरचं आपलं गाव. आधी शेती, मग उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप. बाप लोक लेथवर उभे राहिले, पोरं इंजिनियर झाली. उद्यमबागेतच १९७९ साली इंजिनियरिंग कॉलेज आलं आणि १९९८ ला विश्वेश्वरय्या विद्यापीठ स्थापन झालं, ते तर मच्छेला, म्हणजे उशाशीच. पोरं शिकली, पुणे-बेंगळूरला गेली, तिथून पुढं अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, दुबई. अभिमानाची गोष्ट आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. तिकडं सून किंवा लेक बाळंत होते, आई-वडिलांना बोलावणं येतं. सहा महिने होत आले की फोनवरून गावाकडं निरोप येतो, "आम्ही एवढ्यात येत नाही, पोरानं एक्स्टेंशन टाकलंय." काय टाकलं, कशावर सही केली, कधीपर्यंत राहायची परवानगी आहे, काही विचारा. उत्तर एकच. "ते सगळं पोरगा बघतोय की."

मी राष्ट्रीयीकृत बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढली. खेड्यातल्या शाखांत पीककर्जाचे फॉर्म भरून घेतले. फॉर्म इंग्रजीत, नाहीतर कन्नडमध्ये. समोरचा शेतकरी मराठी, त्यातही बऱ्याच जणांचा अंगठा. आम्हाला नियम होता, आधी त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं, रक्कम किती, व्याज किती, हप्ता कधी, जामीन कोण, हे त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि मग अंगठा. खाली लिहायचं, 'मजकूर मराठीत समजावून सांगितला, मान्य आहे.' त्यावर साक्षीदाराची सही. का? कारण उद्या वसुलीची नोटीस मुलाच्या नावावर जात नाही, ज्याचा अंगठा त्याच्या नावावर जाते.

आज एम.एस. झालेलं पोरगं आपल्या बी.ए. झालेल्या आईची सही लॅपटॉपवर घेतंय आणि एक ओळसुद्धा वाचून दाखवत नाही. आणि आई विचारत नाही. याचा मला राग आहे.

माझ्या नात्यातल्या एका वहिनींचं सांगतो. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. पासपोर्टवर तारीख दहा वर्षांपुढची. पोरगा म्हणाला, "दहा वर्षांचा व्हिसा आहे, आणखी दोन महिने राहा, बाळ जरा मोठं होऊ दे." राहिल्या. आठ महिन्यांनी परत आल्या. निघताना कुणी काही विचारलं नाही. तीन वर्षांनी दुसऱ्या नातवासाठी पुन्हा गेल्या, तर तिथल्या विमानतळावर बाजूला बसवलं, काही तास प्रश्न विचारले आणि पुढच्या विमानानं परत पाठवलं. वय ६८. जन्मात कधी कुणाचे चार आणे बुडवले नाहीत त्या बाईनं. आजही विचारतात, "भावजी, माझं काय चुकलं?"

चुकलं एवढंच, की व्हिसा आणि मुक्काम यातला फरक त्यांना कुणी सांगितला नाही. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा म्हणजे दारावर टकटक करायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेक वेळा सहा महिने. ती तारीख 'आय-९४' नावाच्या नोंदीत असते. विमानानं जाणाऱ्यांसाठी ही नोंद २०१३ पासून कागदावर नाही, संगणकावर असते. पासपोर्ट नंबर घालून पाच मिनिटांत काढता येते. त्या तारखेपेक्षा एक दिवस जास्त राहिलात तरी तुमचा दहा वर्षांचा व्हिसा रद्द समजला जातो. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून निघालात तर तीन वर्षं बंदी. एक वर्ष किंवा जास्त राहिलात तर दहा वर्षं. हा कायदा १९९६ चा आहे, काल-परवाचा नाही. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

आता एक्स्टेंशन. ते बेकायदा आहे असं मी म्हणत नाही. 'आय-५३९' नावाचा अर्ज असतो, मुदत संपायच्या आत करायचा असतो, शक्यतो ४५ दिवस आधी. पण तो अर्ज आहे, हक्क नव्हे. कर्जाचा अर्ज केला म्हणजे कर्ज मंजूर झालं काय? अर्ज वेळेत आणि खऱ्या कारणासाठी केला असेल तर निकाल येईपर्यंतचा काळ सहसा बेकायदा मुक्कामात धरत नाहीत. नकार आला की दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू. आणि निकालाला महिनोन्‌महिने लागू शकतात. तेवढे दिवस आई तिथं कशावर राहते? एका पावतीवर. ना होय, ना नाही.

अर्जात कारण लिहावं लागतं. आजारपण, ऑपरेशन, प्रवास करता येत नाही, ही खरी कारणं. अशा वेळी अर्ज जरूर करावा, त्यासाठीच तो आहे. पण बऱ्याच घरांत खरं कारण एकच असतं, पाळणाघर महाग आहे. ते लिहिता येत नाही. मग 'आणखी काही स्थळं बघायची आहेत' असं लिहितात. कुठली स्थळं? आई सकाळी सात ते संध्याकाळी सात नातवाला घेऊन बसलीय, बाप स्ट्रोलर ढकलतोय. खोटं पोरानं लिहिलं, पण सही आईची. उद्या अधिकारी विचारणार तो आईला.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "काका, सगळेच करतात." बँकेत थकबाकीदारही हेच म्हणायचे, साहेब, सगळ्यांचंच थकलंय. सगळ्यांचं थकलं म्हणून कुणाचं खातं नियमित झालेलं मी पाहिलं नाही.

दुसरं उत्तर भावनेचं. "नातवंडांचं तोंड बघू नये काय?" बघा की! जा, सहा महिने राहा, नातवाला मराठी शिकवा, डोहाळे, बारसं सगळं करा. आणि तारखेच्या आठ दिवस आधी विमानात बसा. मी जायला विरोध करत नाही. परतीची तारीख दुसऱ्याच्या खिशात ठेवायला विरोध करतोय.

आणि हे फक्त अमेरिकेचं नाही. इंग्लंडचा साधा पर्यटक व्हिसा एका वेळी सहा महिने राहू देतो, त्यापुढं वाढ जवळजवळ मिळतच नाही. म्हाताऱ्या आई-वडिलांना कायमचं आणायची वाट २०१२ च्या जुलैपासून इतकी अरुंद केलीय की क्वचितच कुणी त्यातून जातं. युरोपात शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. तिथं ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झालीय, म्हणजे दिवस आता यंत्र मोजणार. दुबईत मुदत टळली की रोज ५० दिरहम दंड.

ज्यांना आई-वडील खरोखर जास्त काळ जवळ हवेत, त्यांच्यासाठी सरळ रस्तेही आहेत. कॅनडाचा सुपर व्हिसा २०११ पासून आहे आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं. मात्र पोराला ठरावीक उत्पन्न दाखवावं लागतं आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा काढावा लागतो. ऑस्ट्रेलियात पालकांसाठी तात्पुरता व्हिसा आहे, तीन किंवा पाच वर्षांचा, सगळे मिळून जास्तीत जास्त दहा वर्षं. पोरगं अमेरिकेचं नागरिक असेल तर आई-वडिलांसाठी ग्रीन कार्ड मागता येतं. पण ते मिळालं की तिथं राहावं लागतं. गावाकडं वर्ष काढलं तर कार्ड धोक्यात. सरकारी मेडिकेअर मिळायलाही आधी सलग पाच वर्षं तिथं काढावी लागतात. या सगळ्या रस्त्यांना पैसा लागतो आणि जबाबदारी लेखी घ्यावी लागते. म्हणूनच पर्यटक व्हिसा ताणणं सोपं वाटतं. त्यात जबाबदारी फक्त आईची.

इकडं गावात काय होतं तेही ऐका. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, नाहीतर पेन्शन अडकते. ८० च्या पुढच्या केंद्र सरकारी पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. परदेशातून तो देता येतो, आपल्या वकिलातीतून, नोटरीकडून किंवा तिथल्या बँक अधिकाऱ्याकडून. पण आपल्या बँकेला काय चालतं ते निघण्यापूर्वी विचारावं लागतं. दोन वर्षं खात्यात व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. आणि सहा महिने बाहेर राहिलो म्हणजे एनआरआय झालो, इन्कमटॅक्स संपला, हा गैरसमज तर सोडाच. नोकरी-धंद्यासाठी न गेलेला माणूस वर्षात ६० दिवस देशात असला आणि आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस असला, तरी तो सहसा निवासीच.

प्रवास विम्याचं तर विचारू नका. सहा महिन्यांचा काढलेला विमा सातव्या महिन्यात संपतो आणि आधीपासूनच्या बीपी-शुगरला बहुतेक पॉलिसींत पूर्ण संरक्षण नसतंच. तिकडं एक रात्र हॉस्पिटलात काढायची म्हणजे इकडची ठेव मोडायची वेळ.

आता मुद्द्यावर येतो. आपण सीमाभागातली माणसं. १९५६ पासून आपण एकच गोष्ट मागत आलो, आम्हाला कळेल अशा भाषेत कागद द्या. उतारा मराठीत द्या, नोटीस मराठीत द्या. न कळणाऱ्या कागदावर सही करणार नाही, हे आपण सरकारला सांगितलं, मोर्चे काढले. आणि तीच आपण माणसं स्वतःच्या पोरानं पुढं केलेल्या इंग्रजी कागदावर डोळे झाकून सही करतो! सरकारला विचारायची हिंमत आहे, पोराला विचारायची नाही?

म्हणून पोरांनो, तुमच्याकडं तीन मागण्या आहेत. एक, आई-वडिलांचा कोणताही अर्ज भरण्यापूर्वी मराठीत ओळ न्‌ ओळ वाचून दाखवा. दोन, विमानतळाबाहेर पडलात की त्याच दिवशी मुदतीची तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा, आणि परतीचं तिकीट त्या तारखेच्या आतलं. तीन, जे कारण आईला अधिकाऱ्यासमोर स्वतःच्या तोंडानं सांगता येणार नाही, ते तिच्या नावानं लिहू नका.

आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, तुमचा पासपोर्ट तुमच्याजवळ ठेवा. पोराच्या कपाटात नको. "ते सगळं पोरगा बघतोय" हे वाक्य बंद करा. आयुष्यभर दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहायला घाबरलात, आता स्वतःच्याच नावाच्या कागदाला परके झालात काय?

शेवटचं एक. तिकडं जन्मलेल्या तुमच्या लेकराला भारताचं ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर तो आपल्या देशात कितीही वेळा येऊ शकतो, कितीही दिवस राहू शकतो, मुदतवाढ मागावी लागत नाही. आजीला तिकडं सहा महिने, नातवाला इकडं जन्मभर. मग ज्याचा रस्ता मोकळा आहे त्यानं यायचं, की जिची मुदत मोजलेली आहे तिनं सारखं जायचं? सांबऱ्याला विमान उतरतं, तिथून पिरनवाडी फार लांब नाही. सुट्टीत पोरांना घेऊन या. घर आहे, अंगण आहे, आणि इथं आम्हाला कुणी तारीख विचारत नाही.