वस्तऱ्याची धार, खिशाला नाही भार

चार-पाच पात्यांच्या फॅन्सी रेझरच्या कार्ट्रिजवर वर्षाला किती पैसे उडतात, हिशोब केलाय कधी? नका करू, उगाच त्रास होईल. त्यापेक्षा गावच्या घरातली जुनी ट्रंक उघडा. आजोबांचा घडीचा वस्तरा हाती लागला आणि पात्यावर सोलिंगेन किंवा शेफिल्ड असं कोरलेलं दिसलं, तर समजा लॉटरी लागली. जर्मनी आणि इंग्लंडमधली ही दोन गावं पोलादी पात्यांसाठीच प्रसिद्ध. ट्रंकेत नाही मिळाला, तर मुंबईच्या चोर बाजारात एखाद्या रविवारी नशीब आजमावा.

प्रॉब्लेम एकच. असा वस्तरा बहुतेक वेळा बोथट असतो आणि धार लावून देणारं कोणी सापडत नाही. पूर्वी नाभिक काका घरी यायचे. त्यांच्या धोकटीत वस्तऱ्यासोबत निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, आणि चामड्याची पट्टी असायचीच. आज सलूनमधल्या वस्तऱ्यात अर्धं ब्लेड बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं लावतात. एचआयव्ही आणि काविळीच्या धोक्यामुळे ते योग्यच आहे. गंमत म्हणजे या बदलात आपल्या ठाण्याचाही वाटा आहे. सुपरमॅक्सची ब्लेडं वागळे इस्टेटमधल्या विद्युत मेटॅलिक्सच्या कारखान्यातूनच देशोदेशी गेली. ब्लेड स्वस्त झालं आणि निसणा धोकटीतून गायब झाला.

मग वस्तरा सायकलवरच्या धारवाल्याला द्यायचा का? अजिबात नाही! त्याचं फिरतं चाक सुरी-कात्रीसाठी ठीक आहे. वस्तऱ्याचं पातं दोन्ही बाजूंनी पोखरून पातळ केलेलं असतं. चाकावर ते क्षणात तापतं, पोलादाचा कडकपणा जातो, आणि मग कितीही घासा, धार टिकत नाही. आजोबांची वस्तू दोन मिनिटांत बाद.

खरं तर वस्तऱ्याला धार लावणं सुरीपेक्षा सोपं आहे. सुरीला कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो बनवणाऱ्यानेच ठरवून ठेवलाय. पातं आडवं ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकली की कोन आपोआप बरोबर. आपलं काम एवढंच, की पाठ उचलायची नाही आणि जोर लावायचा नाही. त्यामुळे महागडा जपानी दगड नसला तरी चालतं.

शॉपिंग लिस्ट

• काच : जाड, सपाट, वीतभर रुंद तुकडा. काचवाल्याकडून कडा घासून घ्या. दगडाऐवजी हाच आपला पाट.

• वॉटर पेपर : गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे वापरतात तोच. १००० आणि २००० नंबर गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळतो. कल्याण-शीळ रोडवरच्या एखाद्या गॅरेजवाल्याला विचारा, दुकान तोच सांगेल. ३०००, ५००० आणि ७००० नंबर ऑनलाइन मागवा.

• हिरवी पॉलिश : स्टीलला चमक आणायची क्रोमियम ऑक्साइडची वडी. बफिंगचं सामान विकणाऱ्याकडे मिळेल.

• पट्टा : अस्सल चामड्याचा जुना, रुंद, शिवण नसलेला. रेक्झिन चालणार नाही.

• इन्सुलेशन टेप आणि पर्मनंट मार्कर.

आता रविवारी सकाळी फोन सायलेंटवर टाका. आधी पातं उजेडात धरून बघा. धारेला मोठा खड्डा किंवा चीर असेल तर तो वस्तरा शोकेसमध्येच शोभेल. नसेल तर पाठीवर टेपचा एक थर चिकटवा, म्हणजे ती झिजणार नाही. टेप फाटली की बदला. धारेलगत मार्करची रेघ ओढा.

काचेवर १००० चा कागद पाण्याने चिकटवा. पातं आडवं ठेवून धार पुढे, अशी वस्तऱ्याच्या वजनानेच सरकवा. सरकवताना थोडं तिरकं, म्हणजे मुठीकडच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत सगळी धार घासली जाते. शेवटी पातं पाठीवरून उलटवा, धारेवरून कधीच नाही, आणि परत या. जिथली शाई पुसली गेली नाही, तिथे धार कागदाला टेकतच नाहीये. दोन्ही बाजूंची शाई टोकापासून टोकापर्यंत निघेपर्यंत पुढच्या नंबरला जायचं नाही. सगळा खेळ इथेच जिंकला किंवा हरला जातो. घाई इथेच नडते.

मग २०००, ३०००, ५०००, ७००० अशी चढण. प्रत्येक कागदावर तीसेक फेऱ्या, हात दर वेळी आणखी हलका. २००० वर थांबलात तर हातावरचे केस निघतील, पण गाल मात्र पेटेल.

आता एका सपाट लाकडी फळीवर सुती कापड ताणून बसवा, त्यावर हिरवी पॉलिश घासा आणि वीसेक फेऱ्या मारा. इथे दिशा उलटी : पाठ पुढे, धार मागे. तशाच पन्नासेक फेऱ्या साध्या पट्ट्यावर. पट्टा खिडकीच्या गजाला बांधून ताणून धरा. सैल पडला तर धार गोल होते.

टेस्ट हातावरच्या केसांवर घ्या. अंगठा फिरवून बघायची हिरोगिरी नको. पहिली दाढी फक्त गालावर करा, हनुवटी आणि गळा पुढच्या रविवारी. तुरटी हाताशी असू द्या. आणि वस्तरा एकट्याचाच. रूममेट कितीही जवळचा असला तरी शेअरिंग नाही.

एकदा धार बसली की रोज दाढीआधी पट्ट्यावर पन्नास फेऱ्या पुरतात. हिरवी पॉलिश महिन्या-दीड महिन्याने. कागद त्यानंतरच, गरज वाटली तर. खरा शत्रू आपल्याकडची पावसाळी हवा. दाढी झाली की पातं कोरडं पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब फिरवा आणि बाथरूमबाहेर ठेवा. डोंबिवलीच्या जुलैत उघडं पातं गंजायला फार दिवस लागत नाहीत.

फास्ट लोकल पकडायच्या दिवशी मात्र हा उद्योग नको. त्या दिवशी साधं ब्लेडच बरं. वस्तरा रविवारचा!