जहाजांच्या जाती आणि आपली एकजूट

भुसावळ, इटारसी किंवा सिकंदराबादच्या यार्डातील सहकाऱ्याजवळ जहाजांचा विषय काढला, तर "तो गोदीवाल्यांचा प्रश्न, आपला काय संबंध?" असे उत्तर मिळण्याचा संभव फार. हा समज आता आपल्याला परवडणारा नाही. आपल्या यार्डात कोणता रेक येणार, त्यावर किती माणसे लागणार आणि ती कोणाच्या पगारपत्रकावर असणार, हे पुष्कळदा बंदरात लागलेल्या जहाजाच्या जातीवरून ठरते. म्हणून या जाती प्रथम समजून घेऊ.

पहिली जात बल्क कॅरिअरची. कोळसा, लोहखनिज, धान्य, खत असा सुटा माल पोत्यात न भरता थेट जहाजाच्या पोटात ओततात. ओडिशातील तालचेरचा कोळसा रेल्वेने पारादीप बंदरात जातो, तेथून अशा जहाजाने तामिळनाडूत एन्नोरला उतरतो आणि वीजकेंद्रांना मिळतो. सत्तर हजार टनांचे जहाज भरायचे, तर चार हजार टनांचा एक रेक धरून सतरा-अठरा रेक लागतात. जहाज समुद्रात असले तरी ते भरण्याचे काम खाणीजवळच्या साइडिंगवर सुरू होते.

दुसरी जात टँकरची. मुंबई बंदरात जवाहर द्वीपावर कच्चे तेल उतरते ते टँकरमधून. नैसर्गिक वायूचे टँकर वेगळे. हा वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात आणतात. त्यामुळे त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटीने घटते. गुजरातमधील दहेजला असा वायू उतरतो. तिसरी जात रो-रो जहाजांची. त्यात मोटारी स्वतःच्या चाकांवर चढतात आणि उतरतात. कोकण रेल्वेवर १९९९ पासून मालट्रक वाघिणींवर चढवून नेतात, तोच हा प्रकार.

चौथी जात जुन्या साध्या मालवाहू जहाजाची. पोती, गासड्या, पेट्या, यंत्रे, सारे एकाच जहाजात. ते रिकामे करायला टोळ्या लागत आणि दिवसच्या दिवस जात. याच अंगमेहनतीच्या कामावर मुंबईच्या गोदी कामगारांची चळवळ उभी राहिली आणि पी. डिमेलोंसारखे नेतृत्व घडले. टपाल बंधूंनाही एक आठवण करून द्यावीशी वाटते. पहिल्या महायुद्धापूर्वी मुंबई-एडनच्या वाटेवर विलायती टपालाची छाननी चालत्या बोटीवरच होई. जहाजावरचे ते सॉर्टर म्हणजे आपल्या आर.एम.एस.च्या बांधवांचे समुद्रावरचे भाऊबंदच होते.

या साऱ्याला धक्का दिला तो पाचव्या जातीने, कंटेनर जहाजाने. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. सीलबंद टपालथैली जशी मधल्या ठाण्यांवर न उघडता पुढे जाते, तशी ही लोखंडी पेटी कारखान्यातून निघते, ट्रक, रेल्वे, जहाज असा प्रवास करते आणि थेट मुक्कामाला उघडते. मधले हात अनावश्यक ठरतात. टोळीचे काम क्रेनवरचा एक माणूस करू लागला.

आपल्याकडे न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले, आणि त्याच वर्षी कंटेनर कॉर्पोरेशनने रेल्वेकडून सात अंतर्देशीय डेपो घेऊन काम आरंभले. हा योगायोग नव्हे. जहाज बदलले म्हणून रेल्वेही बदलली. पुढे काय झाले? २०२२ पर्यंत न्हावा शेवाची सर्व टर्मिनल्स खाजगी चालकांच्या हाती गेली. कंटेनर कॉर्पोरेशनमधील ३०.८ टक्के सरकारी भागभांडवल विकण्यास मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली. जे बंदरात आधी घडले, ते साइडिंगवर पुढे घडू शकते.

कंटेनरला विरोध करावा असे आमचे म्हणणे नाही. पाठीवर पोती वाहून कंबरडे मोडणे ही काही जपण्यासारखी परंपरा नव्हे. प्रश्न आहे तो वाचलेल्या श्रमाचा फायदा कोणाच्या खिशात गेला हा. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेले 'एव्हर गिव्हन' आठवा. वीस हजार पेट्यांचे जहाज, म्हणजे नव्वद पेट्यांच्या दोनशे वीसहून अधिक मालगाड्या. मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, निशाण पनामाचे, आणि खलाशी पंचवीस, सारे भारतीय. कालवा सहा दिवसांत मोकळा झाला. पण नुकसानभरपाईचा वाद मिटेपर्यंत जहाज जुलैपर्यंत इजिप्तमध्ये अडकून राहिले. मालकी इतक्या देशांत वाटली, की खलाशाने दाद कोणाकडे मागावी?

धोक्याचेही तसेच. २५ मे २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ 'एमएससी एल्सा ३' बुडाले. ६४० पेट्यांपैकी १३ मध्ये धोकादायक माल होता, त्यात कॅल्शियम कार्बाइडही. पाणी लागले की त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. अशी पेटी आपल्या यार्डातून जाते तेव्हा पॉइंट्समनला आत काय आहे ते ठाऊक असते काय?

म्हणून आपल्या मागण्या ठोस असाव्यात. एक, धोकादायक मालाच्या पेट्यांची माहिती व त्याचे प्रशिक्षण गाडीवरच्या आणि यार्डातल्या प्रत्येक कामगाराला मिळावे, कंत्राटी कामगारालाही. दोन, बंदर, डेपो आणि साइडिंगवर तेच काम करणाऱ्या कंत्राटी माणसाला तोच पगार मिळावा. तीन, खलाशी, गोदी, रेल्वे, टपाल आणि ट्रकचालक यांच्या संघटनांच्या बंदरवार संयुक्त समित्या व्हाव्यात.

मालकांनी धक्का, रूळ आणि रस्ता एका साखळीत केव्हाच जोडला आहे. आपण मात्र अजून खात्याखात्यांत विभागलेले आहोत. न्हावा शेवाच्या धक्क्यावर क्रेन थांबली तर दुसऱ्या दिवशी यार्डात ती जाणवते, आणि यार्ड थांबले तर धक्क्यावर पेट्यांचे डोंगर साचतात. हे बळ दोन्हीकडच्या कामगारांच्या हातात आहे. पुढच्या शाखा सभेत निदान जवळच्या बंदर वा डेपो संघटनेला पत्र पाठवण्याचा ठराव तरी करावा. सुरुवात तेवढ्यानेही होईल.