खर्र्याच्या पुडीवर लेबल कोठं आहे?



कपाशीवर मावा, तुडतुडे दिसले की आपण कृषी केंद्रात जाऊन विचारतो : यात घटक कोणता, टक्का किती, पंपाले किती टाकायचं? तोच माणूस पानठेल्यावर खर्रा घोटून घेते, तेव्हा एक प्रश्न विचारत नाही.

निकोटिन आपल्याले नवीन नाही. तंबाखूचं झाड किडीपासून वाचायसाठी ते तयार करते. जुने लोक माव्यावर तंबाखूचा काढा मारत, तो याच्याच जोरावर. इमिडाक्लोप्रिडच्या गटाचं नावच निओनिकोटिनॉइड आहे. किडीच्या मज्जातंतूत निकोटिन जिथं बसते, तिथंच तेही बसते.

मग खर्र्यात चुना कायले? फवारणीच्या पाण्याचा सामू आपण पाहतो, तसंच हे. चुन्यानं सामू वाढते, निकोटिन मोकळं होते अन् गालातून लवकर रक्तात जाते. तलफ तिथूनच पक्की होते.

लोकांची गल्लत पुढं होते. निकोटिन सवय लावते, पण तोंडाचा कॅन्सर मुख्यतः तंबाखूतल्या नायट्रोसमाइनसारख्या दुसऱ्या घटकांनी होते. सुपारी तर तंबाखूशिवायही कॅन्सर करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्येच तसं सांगितलं. तोंड उघडणं कमी होते, तेही सुपारीनं. म्हणून "तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो" हा काही इलाज नाही.

उलट, मेडिकलमधल्या निकोटिनच्या च्युइंगमले लोक भेतात. "त्यातही निकोटिनच ना?" हो, पण मापात, अन् त्यात तंबाखू, सुपारी नाही. थोडं चावायचं, गालात ठेवायचं, परत चावायचं. सारखं चघळायचं नाही. गरोदर बाई अन् हृदयाचा त्रास असणाऱ्यानं डॉक्टरले विचारूनच घ्यावं. लेकरांच्या हाती लागू देऊ नये.

२०१७ ले आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. तरी औषधाच्या हातानं पुडी उघडणं सुरूच आहे. फवारणी संपून साबणानं हात धुतल्याशिवाय तोंडात काहीच घालू नका.

२०१२ ले राज्यात गुटखा बंद झाला, पुढं सुगंधित तंबाखूवरही बंदी आली. खर्रा मात्र गावोगाव आहेच. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियान गावालेच सोबत घेऊन दारू-तंबाखूवर काम करते. आपल्या बोरी अरबकडंही सुरुवात गावातूनच व्हावी लागेल, अन् ती मालकाच्या बांधावरून व्हावी. मजुरीसोबत खर्रा देणं बंद करा. "खर्रा नाही दिला तर मजूर येत नाही" म्हणतात. मग तेवढेच पैसे रोजात वाढवून द्या. माणसाले कामावर टिकवायसाठी त्याले व्यसनात टिकवणं मले पटत नाही.

सोडताना पहिले काही दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. पण एका वेळची तलफ काही मिनिटांतच उतरते. मदतीसाठी सरकारचा मोफत नंबर आहे : १८००-११-२३५६.

तुमच्या गावात रोजासोबत पुडी देतात काय? खाली लिहा.