डासांनाही रोग होतो, पण...

पावसाळा लागला की दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढतात आणि त्यांच्याबरोबर एक ठरलेला प्रश्नही येतो, "डॉक्टर, या डासांनाच काही रोग का होत नाही?"

होतो. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला 'एढझार्डिया एडिस' नावाचा एकपेशीय परोपजीवी ग्रासतो. पाण्यातील अळीने त्याचे बीजाणू गिळले की तिला लागण होते. त्या अळीची पुढे झालेली मादी उडते, आपल्याला चावतेही. मात्र अंडी कमी घालते आणि अंड्यांतूनच हा रोग पुढच्या पिढीला देते. त्या पिढीतील बहुतेक अळ्या पाण्यातच मरतात, त्यांच्यातले बीजाणू पाण्यात मिसळतात आणि दुसऱ्या अळ्या ते गिळतात. याचा भाऊबंद अँब्लिओस्पोरा तर डास आणि सायक्लॉप्स अशा दोघांत आळीपाळीने वाढतो. (नारूमुळे सायक्लॉप्सचे नाव जुन्या वाचकांना ठाऊक असेलच. पाणी गाळून प्या, हे सांगून आमचा घसा बसला. २००० साली भारत नारूमुक्त ठरला.)

मग हेच बीजाणू पाण्यात का सोडू नयेत? अडचण अशी, की हा जीव जिवंत पेशीतच वाढतो. तो वाढवायचा तर आधी डासच पाळावे लागतात! संशोधन जरूर व्हावे. केनियातील अॅनोफिलीस डासांत याच वर्गातला एक परोपजीवी हिवतापाचे जंतू वाढू देत नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पण आपल्या दारातला डेंग्यू तोवर थांबणार नाही.

अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, रांजण, कूलर रिकामे करून आतून घासावेत. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून कोरडीही कित्येक महिने तग धरतात.

मात्र सगळा दोष घरच्या बायकांवर ढकलणे मला पटत नाही. जिथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, तिथे 'पिंप रिकामे करा' हा उपदेश कोण ऐकेल? धूरफवारणीने उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्या नव्हेत. त्या गाडीच्या फेऱ्यांपेक्षा नगरपालिकांनी नियमित पाणी द्यावे. तोपर्यंत पिंपाचे झाकण नीट बसत नसेल, तर जुन्या सुती लुगड्याची दुहेरी घडी तोंडाला घट्ट बांधावी.