सहलीच्या बेतात पाण्याइतकेच स्वच्छतागृहही हवे

देवळीहून एक दिवसाची सहल ठरवायची तर पहाटे बोर व्याघ्र प्रकल्प आणि परतताना पवनार, हा बेत सोयीचा. बोरला २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. तेथील परमधाम आश्रमात त्या काळातील शिल्पे पाहायला मिळतात. खुद्द देवळीलाही जुना वारसा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा इ.स. ९४० चा ताम्रपट येथेच सापडला.

गाडी, डबा, कॅमेरा सगळे ठरते. लघवीला कुठे थांबायचे, हे मात्र कुणी विचारत नाही. जंगलात काही तास गाडीतून उतरता येत नाही. जुन्या वास्तूंजवळ स्वच्छतागृह असेलच, याची खात्री नसते. त्यामुळे घरातल्या बायका निघतानाच पाणी टाळतात. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबाही घोटभरच पितात. कुणी तक्रार करत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. मग उन्हाळी लागते, मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, एखाद्याचा मुतखडा उसळतो.

पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता अधिक, म्हणून अनेक जण नेमके एप्रिल-मेमध्ये जातात. विदर्भात तेव्हा पारा ४५ अंशांकडे झुकतो. शरीर घामावाटे थंड होते आणि घामाला पाणी लागते. ते कमी पडले की उष्माघाताचा धोका वाढतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर आणखीच. अशी गोळी मनाने बंद करू नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

म्हणून बेत थांब्यांपासून आखावा. स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी फोन करून विचारावे. सकाळी जंगल, दुपारी बारा ते चार सावलीत विश्रांती आणि ऊन उतरल्यावर पवनार, हा क्रम ठेवावा. भर दुपारी वाघसुद्धा सावली नाहीतर पाणी गाठतो. मधुमेहींनी खाण्याची वेळ चुकवू नये. ओआरएसची पाकिटे सोबत असावीत. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावे. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले, तर तापाच्या गोळीत वेळ घालवू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

पर्यटनाचे फलक लावणाऱ्या यंत्रणांनीही एवढे ध्यानात घ्यावे की जंगलाच्या प्रवेशद्वारावरचे आणि वारसास्थळावरचे स्वच्छ, पाणी असलेले स्वच्छतागृह ही चैन नव्हे. ते आजार टाळण्याचे साधन आहे. ते मिळेपर्यंत प्रत्येक कुटुंबाने निदान एक करावे : निघण्यापूर्वी आई-आजीला विचारावे, "पाणी प्यायलीस का?" आणि वाटेत त्यांनी न सांगताच गाडी थांबवावी.